वाफेच्या इंजिनांचं छोटं स्टेशन: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मॉडेल रेल्वेबद्दलची बरीच पत्रं या वेळी वाफेच्या काळावर आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि उत्तरं घरी करून बघता येतील अशीच दिली आहेत. मापं मिलिमीटर-सेंटिमीटरमध्ये आहेत. एचओ म्हणजे १:८७ हे प्रमाण धरलं आहे, वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न: मला भारतीय ब्रॉडगेजवरचं डब्ल्यूपी, म्हणजे प्रवासी गाड्या ओढणारं वाफेचं इंजिन, आणि त्याला शोभेल असं स्टेशन करायचं आहे. बाजारात एचओचे १६.५ मिमीचे रूळ मिळतात. त्यावर डब्ल्यूपी बरोबर दिसेल का? जागा एका भिंतीलगत आठ फूट आहे. (ठाणे)

रूळ बरोबर दिसणार नाहीत. १६.५ मिमी हे अंतर १४३५ मिमीच्या युरोपीय-अमेरिकी गेजसाठी (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) ठरलेलं आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याला ८७ ने भागलं की १९.३ मिमी येतात. म्हणजे तयार रुळांवर चाकं जवळजवळ ३ मिमीने आत सरकतात आणि रुंद अंगाचं इंजिन अरुंद पायांवर उभं राहतं. बाजूने बघताना हे खटकत नाही. समोरून, बफरच्या बाजूने बघितलं की लगेच कळतं. ४ मिमीला १ फूट या ब्रिटिश ओओ प्रमाणात फरक आणखी वाढतो, कारण तिथे खरं अंतर २२ मिमी हवं.

रस्ते दोन. पहिला म्हणजे १६.५ मान्य करायचं आणि स्टेशन असं मांडायचं की गाडी कायम बाजूने दिसेल. बहुतेकजण हेच करतात आणि त्यात कमीपणा काही नाही. दुसरा रस्ता १९.३ मिमीचा. त्यासाठी तांब्याच्या पत्र्याच्या पीसीबी पट्ट्यांचे स्लीपर कापून त्यावर रूळ सोल्डर करायचे, इंजिनाचे आणि डब्यांचे आस लांब करायचे आणि सांधे (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळवणारे रूळ) हाताने बनवायचे. लाकडी ब्रॉडगेज स्लीपर ९ फूट लांब आणि १० इंच रुंद, म्हणजे एचओमध्ये ३१.५ मिमी आणि २.९ मिमी. पहिलाच लेआउट असेल तर या वाटेला जाऊ नका. सहा महिने रूळच होत राहतात, गाडी धावत नाही.

आमचं मत विचाराल तर आठ फुटांत ब्रॉडगेजचा हट्ट सोडा आणि बार्शी लाइट रेल्वेकडे वळा. तिचं गेज अडीच फूट होतं, ७६२ मिमी. ८७ ने भागा: ८.७६. एचओईचा, म्हणजे एचओ प्रमाणातल्या नॅरोगेजचा, तयार ९ मिमीचा रूळ त्याच्या इतका जवळ जातो की फरक डोळ्यांना दिसत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेला हा मार्ग १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डूवाडी, ते बार्शी असा सुरू झाला. पुढे तो पंढरपूर, लातूर (१९११) आणि मिरजेपर्यंत (१९२७) गेला. मालडबे २५ फुटी, म्हणजे एचओमध्ये जेमतेम ८.८ सेंमी. पाच डब्यांची गाडी अर्ध्या मीटरमध्ये बसते.

आणि डब्ल्यूपी? तो कुर्डूवाडीत उभा करता येतो. मागच्या कडेला ब्रॉडगेजची एकच लाइन १९.३ मिमीवर हाताने टाका, वीज न जोडलेली, त्यावर न धावणारं इंजिन आणि दोन वाघिणी. मध्ये माल बदलीचा फलाट. धावायचं नसल्यामुळे सांधे नकोत, आसाचा काटेकोरपणा नको, आणि दोन गेजांमधला खरा फरक शेजारी शेजारी दिसतो.

साल मात्र आधी ठरवा. डब्ल्यूपी १९४७ पासूनचे. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला झाली आणि बार्शी लाइट सरकारकडे गेली ती १९५४ मध्ये. तुम्ही १९५२ धरलंत तर ब्रॉडगेजच्या वाघिणीवर नव्या मध्य रेल्वेची अक्षरं आणि समोरच्या छोट्या डब्यावर अजून बार्शी कंपनीची, असं दृश्य मिळतं. तयार मॉडेल यातल्या कशाचंच सहज मिळणार नाही. युरोपीय एचओईची चालती चौकट घेऊन वरचं अंग प्लास्टिक शीटमधून बनवायचं, हीच रीत आहे.

प्रश्न: कोकणात पावसाळ्यात लेआउटची फळी फुगते आणि रूळ वर उचलले जातात. एमडीएफ वापरलं होतं. काय वापरावं? (रत्नागिरी)

एमडीएफ नको. कडेने एकदा पाणी शोषलं की ते फुगतं आणि परत बसत नाही. प्लायवूड घेताना शिक्का बघा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण प्लाय, आयएस ७१० हा मरीन. कोकणात ७१० घ्या, १२ मिमीचा. ८ बाय ४ फुटांची एक शीट लांबीने ४५, ४५ आणि ३० सेंमी अशी कापून घेतली की करवतीच्या फटी धरून पूर्ण वापरली जाते. एका ४५ च्या पट्टीवर स्टेशन, ३० च्या पट्टीतून पडद्यामागचं यार्ड, आणि दुसऱ्या ४५ मधून उभ्या ७ सेंमीच्या पट्ट्या कापून खालची चौकट. आडव्या पट्ट्यांमधलं अंतर ४० सेंमीच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर वर्षभरात फळी मध्ये बसते. सुताराला चौकट आधी जोडायला सांगा, लेव्हल लावून बघा, मगच वरची फळी ठोका.

खरी चूक बहुधा रंगात होते. वरची बाजू रंगवतात, खालची आणि कडा तशाच ठेवतात. मग फळी एकाच बाजूने दमट होते आणि वाकते. दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्या. वायरीसाठी पाडलेल्या भोकांच्या आतूनही ब्रश फिरवा.

त्यावर ३ मिमीची कॉर्क शीट आणि कॉर्कवर रूळ. रुळांना खिळे ठोकताना डोकं स्लीपरला टेकलं की थांबा. आणखी एक टोला दिला की स्लीपर मध्ये वाकतो, गेज आवळतं आणि नेमकी तिथे चाकं चढतात.

प्रश्न: दोन रुळांच्या जोडात फट किती ठेवायची? (नागपूर)

निकेल सिल्व्हरचा ९१४ मिमीचा रूळ २५ अंश तापमानवाढीला सुमारे ०.४ मिमी वाढतो. तुम्ही डिसेंबरात टाकत असाल तर दर जोडाला अर्धा मिमी, म्हणजे जाड पोस्टकार्ड मावेल इतकी फट ठेवा. मे महिन्यात भर दुपारी टाकत असाल तर रूळ टेकवूनच टाका. जोड सोल्डर करायचेच असतील तर वळणावरचे करा, सरळ भागातले मोकळे सोडा.

प्रश्न: माझं ९ मिमीवरचं तीन आसांचं टँक इंजिन (कोळसा-पाणी अंगावरच नेणारं) सरळ रुळावर चालतं, पण हळू केलं की लंगडतं आणि सांध्यावर तर हमखास थांबतं. बोटाने ढकललं की पुन्हा निघतं. रूळ पॉलिश पेपरने घासून झाले. (कोल्हापूर)

हे दोन वेगळे आजार आहेत. लंगडणं यंत्राचं, थांबणं विजेचं. एकदम दोन्हीवर हात घातलात तर दोन्ही राहतील.

इंजिन फोमच्या तुकड्यावर उलटं ठेवा. कंट्रोलरच्या दोन वायरी दोन बाजूंच्या चाकांना टेकवा आणि चाक जेमतेम फिरेल इतकाच वेग द्या. उलटंही लंगडत असेल तर रुळाचा दोष नाही. एका चाकाच्या कडेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. ठिपका दर फेरीत एकाच जागी आला की अडखळतंय का, ते बघा. अडखळत असेल तर चाकं जोडणारे दांडे काढा आणि पुन्हा फिरवा. आता गुळगुळीत चालतंय? मग दोष दांड्यात किंवा क्रँकच्या कोनात. तरीही अडखळतंय? मग गिअरमध्ये केस, खडीचा कण किंवा तडा.

कोनाचं असं आहे: डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकपिना, म्हणजे चाकांवरच्या दांडे अडकवायच्या पिना, एकमेकींशी काटकोनात असतात आणि हा कोन सगळ्या आसांवर सारखा असावा लागतो. डाव्या बाजूच्या पिना सगळ्या खाली येतील असं चाक फिरवा आणि उजवीकडे बघा. तिथल्या पिना सगळ्या एकाच दिशेला, एकाच उंचीवर हव्यात. एखादी जरा वर किंवा खाली असेल तर तोच आस गुन्हेगार. लहान इंजिनात बहुधा एकाच आसाला गिअर असतो, बाकीचे दांड्यांवर ओढले जातात, म्हणून हा दोष तिथे लगेच जाणवतो. चाक आसावर अगदी थोडं फिरवून कोन जुळवा. दोष नाममात्र असेल तर दांड्याचं भोक रीमरने ०.१ मिमी मोठं करून भागतं. त्याहून मोठं करू नका. भोक सैल झालं की दांडे खडखडतात आणि इंजिन डुलायला लागतं.

आता थांबणं. तुमचे सांधे प्लास्टिक फ्रॉगचे असावेत. फ्रॉग म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात ती टोकदार जागा. प्लास्टिकच्या फ्रॉगमध्ये वीज नसते. लांब इंजिनाची मागची-पुढची चाकं तो तुकडा ओलांडून वीज घेत राहतात. तीन आसांच्या छोट्या इंजिनाची दोन चाकं एका वेळी त्यावर आली आणि तिसरं किंचित उचललेलं असलं की संपलं. भर वेगात हे कळत नाही, कारण इंजिन घरंगळत पार होतं. वाफेच्या काळातलं स्टेशन करायचं तर सारं काम शंटिंगचं, म्हणजे रांगण्याचं, आणि तिथे घरंगळणं उपयोगी पडत नाही.

उपाय धातूच्या फ्रॉगचा सांधा. फ्रॉगमधून पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जोड लावा, धातूचे नकोत. फ्रॉगला एक वायर सोल्डर करून ती सांधा हलवणाऱ्या स्विचच्या मधल्या टोकाला न्या. स्विचची बाकी दोन टोकं दोन बाहेरच्या रुळांना. सांधा ज्या बाजूला वळेल त्या बाजूची वीज फ्रॉगला मिळाली पाहिजे. रेल्वेतल्यासारखा दांडा ओढून सांधा हलवत असाल तर त्याच दांड्यावर छोटा सरकता स्विच बसवा, म्हणजे वेगळं बटण लक्षात ठेवायला नको. जोडून झालं की मल्टिमीटरने बघा: सांधा सरळ असताना फ्रॉग एका रुळाशी, वळवल्यावर दुसऱ्याशी बोलतो का? उलटं असेल तर शॉर्ट होईल. स्विचच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

पुढची पायरी, प्रत्येक चाक वीज घेतंय का? कागदाची चिठ्ठी घ्या. इंजिन रुळावर ठेवा, एका बाजूच्या दोन चाकांखाली कागद सरकवा, तिसरं रुळावर राहू द्या. इंजिन चालतंय? मग कागद दुसऱ्या दोघांखाली. असं सहाही चाकांचं करा. जिथे थांबेल तिथला स्पर्श करणारा फॉस्फर ब्राँझचा पातळ पट्टा वाकलेला किंवा तेलकट झालेला असणार. पट्टा चाकाच्या पाठीला टेकावा, दाबू नये. जास्त दाबला की तो ब्रेकचं काम करतो आणि नवं लंगडणं सुरू होतं. त्याच वेळी दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर मोजा. ९ मिमीसाठी ते साधारण ७.५, १६.५ मिमीच्या ओओसाठी १४.५ मिमी असतं. कमी असेल तर चाक सांध्यात चढतं.

पॉलिश पेपर बंद करा. त्याने पडलेल्या बारीक चरांत मळ अडकतो आणि रूळ पूर्वीपेक्षा लवकर काळे होतात. झालेलं नुकसान भरून काढायला गुळगुळीत स्टीलच्या वॉशरची सपाट बाजू रुळावर दाबून फिरवा, चर बुजतात. नंतर न पिंजणाऱ्या कापडावर व्हाइट स्पिरिट घेऊन पुसा आणि कोरडं करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलनेही मळ निघतो. मळ येतो तो डब्यांच्या प्लास्टिक चाकांतून. ती बदलून धातूची बसवलीत की घासण्याची वेळ पुष्कळ कमी येईल.

प्रश्न: डीसी ठेवू की डीसीसी करू? तीनच इंजिनं आहेत. (पुणे)

डीसीत रुळातल्या विजेनेच वेग ठरतो, डीसीसीत प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम जातो. एका वेळी एकच इंजिन हलत असेल तर डीसी पुरे. शेडच्या प्रत्येक लाइनला आणि फलाटाच्या टोकाला एक एक तुकडा वेगळा तोडून त्याला टॉगल स्विच द्या, म्हणजे उभी इंजिनं उभी राहतील. दोघांना एकदम दोन इंजिनं चालवायची असतील किंवा आवाज हवा असेल तर डीसीसी. इंजिनात विजेचा साठा ठेवणारा कपॅसिटरही डीसीसीतच नीट चालतो. ९ मिमीच्या टँक इंजिनात त्याला जागा नसते, तो मागे कायम जोडलेल्या मालडब्यात ठेवा.

दोन्ही पद्धतींत फळीखालून १.५ चौरस मिमीची तांब्याची जोडवायर न्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला अर्ध्या चौरस मिमीची उपवायर द्या. दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या जोडपट्टीवर विसंबू नका, ती दोन पावसाळ्यांत काळी पडते. डीसीसी केल्यावर नाण्याची चाचणी घ्या: रुळांवर ठिकठिकाणी नाणं आडवं ठेवलं की यंत्रणा लगेच बंद पडली पाहिजे. एखाद्या जागी बंद पडली नाही तर तिथली वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा. तिथे खरा शॉर्ट झाला तर डबा वितळतो. आणि इंजिनात कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर फीडबॅकचा, म्हणजे मोटरचा वेग बघून वीज कमी-जास्त करणारा, डीसी कंट्रोलर वापरू नका, मोटर तापते.

प्रश्न: बोर घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथून गाडी उलट्या दिशेने पुढे निघायची, ते करायचं आहे. चढ किती ठेवू? डब्ल्यूपी ओढेल का? (बदलापूर)

डब्ल्यूपी तिथे कधी आलाच नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा (जीआयपी) घाट १८६३ मध्ये सुरू झाला आणि नव्या वळणाचा मार्ग झाल्यावर १९२९ मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं. त्यामुळे इंजिनं, डबे, कपडे, सगळं त्याआधीचं हवं.

घाटात चढ १:३७ होता. मॉडेलमध्ये १:४० धरा, मीटरला २५ मिमी. वळण आलं की ओढ वाढते. एचओसाठी ढोबळ नियम असा की त्रिज्या सेंमीमध्ये घेऊन ८१ ला तिने भागायचं, येतील तितके टक्के चढ वाढला असं समजायचं. ६० सेंमीच्या वळणाला १.३५ टक्के. म्हणजे तुमचा अडीच टक्क्यांचा चढ वळणावर ३.८५, जवळपास १:२६ होतो. घाट करणारे हा हिशोब सोडून देतात, मग इंजिन अर्ध्या वळणावर चाकं फिरवत उभं राहतं. रूळ टाकण्याआधी एक मीटरची फळी एका टोकाला २५ मिमी, मग ४० मिमी उचलून आपलं इंजिन आपलेच डबे ओढतं का, ते बघून घ्या. कमी पडलं तर इंजिनात चाकांच्या बरोबर वर शिसं भरा. चढ सुरू होताना आणि संपताना ३० सेंमी हळूहळू बदल हवा. तो नसेल तर कपलिंग निसटतं.

जागेच्या दृष्टीने हे स्टेशन फार सोयीचं आहे. खालून कर्जतकडून येणारी आणि वर खंडाळ्याकडे जाणारी, दोन्ही लाइनी स्टेशनात एकाच बाजूने शिरतात, दुसऱ्या टोकाला दरी. म्हणजे एक फाटा मीटरला २५ मिमी खाली जातो, दुसरा तितकाच वर, आणि दोन मीटरमध्ये दोघांत १० सेंमी फरक पडतो. एका लाइनीवरून दुसरी नेण्याचा पूल लागतच नाही. गाडी आली की इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला जाऊन लागतं आणि गाडी उलट्या दिशेने वर निघते. त्यासाठी बंद टोकाच्या लाइनी गाडी आणि दोन इंजिनं मावतील इतक्या लांब हव्यात. चार बोगी डब्यांना १५० सेंमीपेक्षा कमी चालणार नाही. सुटलेली गाडी अडवायला चढावर जाणारी कॅच साइडिंग विसरू नका. चालती नसली तरी चालेल, पण तिच्याशिवाय घाट खोटा वाटतो.

प्रश्न: सोलापूर भागातली जमीन कशी दाखवू? खरी काळी माती चाळून लावली तर तडे गेले आणि सगळं डांबरासारखं दिसतंय. खडी कुठून आणू? (सोलापूर)

काळी माती ओली होऊन फुगते आणि वाळताना आकसते, शेतात करते तेच तिने फळीवर केलं. फेव्हिकॉलच्या पाण्यात ती आणखी काळी पडते. खाली प्लास्टर किंवा कागदाच्या लगद्याचा थर करून तो मातकट करड्या रंगाने रंगवा. रंग ओला असतानाच वरून माती गाळणीने हलकी भुरभुरा, राहिलेली झटकून टाका. मूळ रंगापेक्षा एक-दोन छटा फिका ठेवला तरच खोलीतल्या दिव्याखाली तो खरा वाटतो.

इंजिन शेडच्या आसपास मातीच नसते. तिथे राख, कोळशाचा चुरा आणि तेल. खरा कोळसा खलात कुटून वापरा. राखेचा खड्डा फिका करडा, पाण्याच्या खांबाखाली कायम ओला गडद डाग, आणि त्या डागाच्या कडेला, फक्त तिथेच, थोडं हिरवं गवत.

खडीसाठी खाणीतली बेसाल्टची भुकटी मैद्याच्या चाळणीने चाळा. ब्रॉडगेजची ६५ मिमीची खडी एचओमध्ये पाऊण मिमी होते, नॅरोगेजला अर्धा मिमी पुरे. बाजारात 'एचओ खडी' म्हणून मिळणारी पुष्कळदा दुप्पट मोठी असते. बेसाल्टमध्ये लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात, ते मोटरमध्ये गेले तर इंजिन कामातून गेलं. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून भुकटीतून फिरवत राहा, काही चिकटेनासं होईपर्यंत. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरची काळी वाळू वापरण्याचा मोह होतो. ती इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची आहे, तिला हातच लावू नका.

खडी रुळांमध्ये पसरून मऊ ब्रशने स्लीपरच्या वरून झटका. एकही कण रुळाच्या आतल्या कडेला राहता कामा नये. मग भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेलं पाणी फवारा आणि ओली असतानाच एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. साबण नसेल तर पाण्याचा थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खळगा करतो. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र गोंद नको.

गवताला तागाच्या सुतळीचे ६ ते ८ मिमीचे तुकडे, बाभळीला वाळक्या झुडपांच्या फांद्या. माती आणि काडी आणली की ओव्हनमध्ये १०० अंशांवर अर्धा तास ठेवा, नाहीतर कसर आणि बुरशी आलीच. डांबराच्या गोळ्या लेआउटखाली ठेवू नका. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीनचे डबे मऊ पडतात.

प्रश्न: लेआउट पूर्ण झाला. गाडी गोल गोल फिरते आणि दहा मिनिटांत कंटाळा येतो. आता काय? (नाशिक)

गोल तोडा. एका बाजूला शेवटचं स्टेशन, दुसऱ्या बाजूला पडद्यामागचं यार्ड, मध्ये एक लाइन. वाफेच्या गाडीला शेवटच्या स्टेशनात जी कामं होती ती करायला लागलात की तास कमी पडतो.

स्टेशनात फलाटाची लाइन, तिला समांतर इंजिन फिरवायची लूप, मालधक्क्याची एक, शेडची एक, एवढं पुरे. चार-पाच सांधे. लूपची मोकळी लांबी ठरवताना पाच नॅरोगेज डब्यांना कपलिंग धरून ५० सेंमी लागतात, ५५ ठेवा. फलाटाच्या टोकापलीकडे इंजिनापुरता तुकडा हवा: इंजिन ११ सेंमीचं असेल तर १३. हा तुकडा दोन सेंमीने तोकडा झाला तर सांधा पार होत नाही आणि सारं स्टेशन निकामी.

आता एक मिश्र गाडी घ्या. यार्डातून निघते, फलाटाला लागते. इंजिन सुटून पुढच्या तुकड्यात, सांधा, लूपमधून मागे, गार्डच्या डब्याला जोडणी. मालडबे धक्क्यावर टाकायचे, पण तिथे आधीचे दोन भरलेले उभे आहेत. आधी ते काढून गाडीच्या पुढच्या बाजूला लावायचे, कारण प्रवासी डबा फलाटासमोरच राहिला पाहिजे. मग इंजिन शेडकडे: राख, कोळसा, पाणी, याच क्रमाने. पाण्याच्या खांबाशी दोन मिनिटं खरोखर थांबा. टँक इंजिन उलटं परत जाऊ शकतं. टेंडरचं, म्हणजे मागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा असलेलं, इंजिन आणलंत तर टर्नटेबल आलं आणि जागा गेली.

वेग मोजून ठेवा. ताशी ३० किलोमीटर म्हणजे एचओमध्ये एक मीटरला साधारण साडेदहा सेकंद. शंटिंग याच्या एक तृतीयांश. घड्याळ लावून एकदा चालवलंत की आतापर्यंत गाड्या किती उधळत होत्या ते कळेल.

डबे कुठले कुठे न्यायचे ते कार्डांवर लिहा. प्रत्येक डब्याला एक कार्ड: 'सरकी, बार्शी ते कुर्डूवाडी', उलट्या बाजूला 'रिकामा परत'. गाडी यार्डात पोचली की कार्ड उलटं. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या जादा गाड्या काढायच्या आणि मालडब्यांना त्या दिवशी साइडिंगमध्ये थांबवायचं, एवढ्याने सगळं वेळापत्रक विस्कटतं आणि खेळ रंगतो. दोघं असाल तर एक स्टेशनवर, एक यार्डात. मधल्या लाइनसाठी एक लाकडी दांडी करा. दांडी हातात नाही तर गाडी सोडायची नाही. नॅरोगेजच्या शाखेला 'एक गाडी, एक दांडी' ही पद्धत शोभते. ब्रॉडगेजची एकेरी लाइन असेल तर नील (Neale) नावाच्या टोकन यंत्राचे लाल डबे आणि दांडीऐवजी धातूचा गोळा.

प्रश्न: धूर सोडणारं यंत्र बसवू का? (छत्रपती संभाजीनगर)

नको. धुराचं तेल रुळांवर बसतं, चाकं घसरतात आणि वीज तुटते. शिवाय त्या प्रमाणात धूर पातळ उदबत्तीसारखा दिसतो. ९ मिमीच्या इंजिनात तर जागाही नाही.

प्रश्न: त्या काळचे हाताचे सिग्नल कोणते आणि किती लावू? (मिरज)

खाली पडणारा हात असलेले, म्हणजे लोअर क्वाड्रंट. हात आडवा असेल तर थांबा, खाली झुकला तर या. लाल हातावर टोकाजवळ पांढरी पट्टी, पाठीमागून पांढऱ्यावर काळी. स्टेशनाआधी आउटर, मग होम, निघताना स्टार्टर. पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या वॉर्नरच्या हाताचं टोक माशाच्या शेपटीसारखं कापलेलं असतं आणि तो आउटरच्याच खांबावर खाली लावता येतो. वॉर्नर एकटा स्वतंत्र खांबावर असेल तर त्याच्या वर कायमचा हिरवा दिवा असतो. मॉडेल करणारे बहुतेक वेळा तो विसरतात.

अंतराची काटछाट करावीच लागते. आउटर आणि होममधले ४०० मीटर एचओमध्ये साडेचार मीटरच्या वर जातात. आठ फुटी स्टेशनात होम आणि स्टार्टर लावा, आउटर पडद्यापलीकडे आहे असं समजा. हात हलवायला ०.३ मिमीची स्टील तार खांबामागून खाली न्या आणि लहान सर्व्हो मोटर जोडा. सर्व्होची हालचाल ४५ अंशांपर्यंतच बांधून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी हात खांबापासून उखडतो.